दयाळबुवा आणि खारूताई

चैत्र लागला की उजाडायच्या आधीच दयाळबुवा गायला बसतात. जागा विजेच्या तारेवर नाहीतर झाडाच्या शेंड्यावर, म्हणजे चारचौघांना दिसेल अशी. अंगात काळा कोट, पोट पांढरं. गळा गोड, आणि लहर लागली की मधेच दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला. आपण अंथरुणातूनच दाद देतो. बांगलादेशाने तर त्याला राष्ट्रीय पक्षी केलं आहे.

पण या गाण्याचा मजकूर काय? 'ही फांदी माझी, ती भिंत माझी, भिंतीतलं भोकही माझंच. दुसऱ्या नराने इकडे फिरकू नये. मादी आली तर या, बसा.' सोसायटीतला पार्किंगचा वादच तो, फक्त सुरात. विणीचा हंगाम उरकला की बुवांचं गाणं आटतं. थंडीत भेटले तर एखादं 'चर्र' करून वाटेला लावतात.

खारूताईंना सुराचं वावडं. एकच चिरका स्वर, त्याच्या जोडीला शेपटीचा झटका, आणि हे न थकता चालू. नवखा पक्षीनिरीक्षक दुर्बीण घेऊन त्या 'पक्ष्या'ला पानापानांत शोधतो. तिचं म्हणणं मात्र बहुतेक वेळा लोकोपयोगी असतं: 'खाली मांजर आलंय हो!' वाहवा मात्र बुवांना.

तशी ताईंची जात उंदराचीच. पुढचे दात जन्मभर वाढतात, त्यामुळे कुरतडल्याशिवाय गत्यंतर नाही. गादीतला कापूस घरट्यासाठी उंदराने ओढून नेला असता तर त्याच संध्याकाळी घरात पिंजरा आला असता. ताईंना माफी, कारण ओळख थेट प्रभू रामचंद्रांशी. सेतूसाठी वाळू वाहिली, पाठीवरून तीन बोटं फिरली, तीन पट्टे उठले. आपल्याकडे पाच पट्ट्यांची खारही आहे. तिने बहुधा ओव्हरटाइम केला असावा. हीच पाच पट्टेवाली १८९८ साली ऑस्ट्रेलियात पर्थच्या प्राणिसंग्रहालयातून बाहेर सोडली गेली आणि तिथे टिकली. रामाची शिफारस तिकडे चालेना. सरकारदरबारी तिची नोंद उपद्रवी प्राणी म्हणून आहे.

दयाळांचं मत ऑस्ट्रेलियन सरकारच्या बाजूने पडेल, कारण ताईंना अंडीही आवडतात. त्या घरट्याच्या भोकाशी घुटमळल्या की बुवा ताना विसरून अंगावर धावून जातात. मग जी जुंपते, तिच्यात गवई कोणता ते डोळे मिटून सांगून दाखवावं.