कर्ण्यातली कुजबुज

अश्लील गाणी ओळखायची कशी, हा प्रश्न तुम्हाआम्हाला सहसा पडत नाही. कानावर पडताक्षणी आपण ती ओळखतो आणि बहुधा शेवटपर्यंत ऐकतो. चीनमध्ये मात्र 1982 साली या विषयावर एक पुस्तिकाच निघाली. सरकारी प्रकाशनाची, जाणकारांच्या लेखांची. श्वास मिसळून गायलेला सूर, मात्रा चुकवत जाणारा ठेका अशी रोगलक्षणं तीत समजावून दिली होती. ती वाचताना पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एकच रुग्ण उभा राहिला असणार : तैवानची डेंग लिजुन, म्हणजेच बाहेरच्या जगाची तेरेसा तेंग.

या बाईंचा जन्म 1953 चा. वडील मुख्य भूमीवरच्या हबेई प्रांतातले सैनिक. यादवी युद्ध हरलेल्या बाजूबरोबर तैवानात आलेले. पोरीने कोवळ्या वयातच शाळा सोडून गाणं धरलं. गाण्यांत चंद्र, फुलं, कुणाचं तरी हसू, कुणाची तरी वाट पाहणं. कुठलंही सरकार उलथावं असं त्यांत काही नाही. पण धोका शब्दांत नव्हताच. त्या काळच्या चीनला सवय होती छाती पुढे काढून म्हणायच्या समूहगीतांची. समूहगीत ऐकताना माणूस ताठ उभा राहतो; हिचं गाणं ऐकताना तो भिंतीला टेकतो. आणि टेकलेल्या माणसाकडून क्रांती करून घेणं फार अवघड.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तिच्या कॅसेटी चोरवाटांनी चीनमध्ये पोचू लागल्या. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशा नकला होत गेल्या आणि गाण्यापेक्षा खरखरच जास्त उरली, तरी लोक ती कानाला लावून बसत. तेव्हा देशाची सूत्रं डेंग झियाओपिंग यांच्या हाती होती. आडनाव एकच, म्हणून लोकांनी वाटणी करून टाकली : दिवसा थोरल्या डेंगचं ऐकायचं, रात्री धाकट्या डेंगचं.

तैवानच्या लष्करालाही या आवाजाचा मोह सुटला नाही. चीनच्या शियामेन शहरासमोर, अवघ्या काही किलोमीटरवर तैवानचं किनमेन बेट आहे. तिथे 48 ध्वनिवर्धकांची एक भिंतच उभारलेली होती. पलीकडच्यांना आपली बाजू ऐकवायची, एवढंच तिचं काम. त्या भिंतीवरून तेरेसाचा आवाजही सोडला गेला. जी बाई कानाशी गुणगुणल्यासारखी गाते, तिला 48 कर्ण्यांतून ऐकवायचं, ही कल्पना लष्करालाच सुचू शकते. मधूनमधून स्वातंत्र्याविषयीची चार वाक्यंही तिच्या तोंडी असत. समोरच्या किनाऱ्यावरचे जवान ती वाक्यं संपण्याची किती आतुरतेने वाट पाहत असतील, याची कल्पना मला करता येते.

सीमा ओलांडणं तिच्या गाण्यांना सोपं गेलं, तिला नाही. ‘तियान मी मी’ हे तिचं गोड गाणं 1979 चं. त्याची चाल इंडोनेशियाच्या एका लोकगीताची. त्याच वर्षी ती इंडोनेशियाच्या पासपोर्टवर जपानला गेली आणि पकडली गेली. चाल खपली, पासपोर्ट खपला नाही. जपानने वर्षभरासाठी दार बंद केलं. पुढे त्याच जपानमध्ये 1984, 85 आणि 86 अशी लागोपाठ तीन वर्षं केबल रेडिओचा मोठा पुरस्कार तिनेच नेला. रुसवा काढायची हीसुद्धा एक पद्धत.

थायलंडमधल्या च्यांग माई इथे 1995 च्या मे महिन्यात दम्याच्या झटक्याने ती गेली. वय अवघं बेचाळीस. वडिलांच्या त्या मुख्य भूमीवर तिची एकही मैफल झाली नाही. तैवानात तिच्या समाधीपाशी पियानोच्या पट्ट्या जमिनीवर मांडल्या आहेत. पाय दिला की सूर उमटतो. पोरंटोरं त्यावर मनसोक्त नाचतात आणि त्यांना कुणी रागावत नाही.

2009 साली नव्या चीनला साठ वर्षं झाली. त्या निमित्ताने एका सरकारी संकेतस्थळाने लोकांना विचारलं, या काळातली सर्वांत प्रभावी सांस्कृतिक व्यक्ती कोण? लोकांनी पहिलं आणलं डेंग लिजुनला. किनमेनवरची तिची चार वाक्यं कुणाला आठवत असतील असं वाटत नाही. मतं पडली ती गाण्यांना. भाषण न करताही निवडून येता येतं, हे कृपा करून राजकारणी मंडळींच्या कानावर घालू नका. उद्या ती गायला लागतील.