लिस्बनकर

आमच्या पेडण्यात आडनावं गावावरून पडतात. मांद्रेकर, हरमलकर, कोरगावकर. त्या हिशेबाने आमच्या वाड्यावरच्या एका गृहस्थाला सगळे लिस्बनकर म्हणतात. लिस्बन त्याने पहिली सात वर्षं पाहिलंच नव्हतं. पण जन्माची नोंद तिथली, पासपोर्ट तिथला, आणि पोट भरलं इंग्लंडमधल्या स्विंडनला. आज गोव्यात असा वाडा क्वचितच सापडेल जिथे एकही लिस्बनकर नाही. मी आपला एक नमुना सांगतो. बाकीचे तुम्ही ओळखून घ्या.

माणूस बी.कॉम. घरात कोकणी बोलायची, वर्तमानपत्र मराठी वाचायचं, सिनेमा हिंदी बघायचा आणि एक दिवस सकाळी उठून पोर्तुगीज व्हायचं, यात त्याला काहीच विसंगत वाटलं नाही. कायदा साधा आहे. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण किंवा दीवमध्ये जन्मलेला माणूस, त्याची मुलं आणि नातवंडं यांना पोर्तुगाल अजून आपलं नागरिकत्व देतं. चारशे एक्कावन्न वर्षं राज्य करून गेलेल्या सरकारने मागे ठेवलेली ही एकच खिडकी, आणि तिच्यापुढची रांग काही संपत नाही.

ही खिडकी मला बंद आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझ्या लिहिण्यात कुठे जळका वास आला तर तुम्हाला कारण शोधावं लागणार नाही. माझे वडील तेरेखोल नदीच्या पलीकडे, आरोंद्याला जन्मले. आई वेंगुर्ल्याची. गोवामुक्तीनंतर ती दोघं अलीकडे आली. माझ्यात आणि युरोपात एवढंच पाणी आहे. ओहोटीला ते आणखी कमी होतं.

लिस्बनकराच्या वाटेत मात्र पाणी नव्हतं, बाबा होते. लिस्बनच्या दप्तरात मुलाचं नाव चढायचं तर आधी बापाचा जन्म तिथे नोंदवावा लागतो. बाबा १९५२ चे, म्हणजे कायद्याने अगदी अस्सल माल. पण आजोबांनी पोर्तुगीज पोलिसांचा मार खाल्लेला. म्हापशाच्या एजंटाने फॉर्म पुढे ठेवला तेव्हा बाबा म्हणाले, "गोवामुक्तीसाठी लढलेले मोहन रानडे पोर्तुगालला गेले ते बेड्या घालून. तू तिकीट काढून चाललास!"

"बाबा, ते सुटले कधी?"

"एकोणसत्तरला."

"मग झाली की चाळीसच्या वर वर्षं. आता तिथे कोणी कोणाला धरून ठेवत नाही. मी तर तिथे थांबणारसुद्धा नाही."

बाबा तीन महिने बोलले नाहीत. मग एका संध्याकाळी त्यांनी चष्मा पुसला, कागद ओढला आणि ठसठशीत देवनागरीत सही केली. पोर्तुगालच्या सरकारला कळलं तर कळू दे, नाहीतर शिकू दे. अशा रीतीने काशिनाथबाबांचा लिस्बनमधला जन्म वयाच्या साठीत सुखरूप पार पडला.

त्यांच्या मूळ दाखल्यात मात्र एक गंमत होती. पोर्तुगीजांच्या लेखनात 'श'साठी एक्स हे अक्षर येतं. त्यामुळे रोमन लिपीत काशिनाथचा झाला होता 'काक्सिनाटा'. पुढे जगातल्या प्रत्येक विमानतळावर अधिकारी लिस्बनकराच्या बापाचं नाव वाचताना थबकायचा आणि एखादा अवघड दगड उचलावा तसं ते नाव उचलायचा. काक्सि-नाटा. घरी हे कळल्यावर बाबा म्हणाले, "राज्य गेलं तरी खोडी गेली नाही."

नवा पासपोर्ट हातात आला, जुना भारतीय परत करावा लागला. आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. ओसीआय कार्ड निघालं, म्हणजे आपल्याच घरी यायला जन्मभराची परवानगी. पंचायतीच्या निवडणुकीत जो माणूस गटाराच्या स्लॅबवरून चार-चार तास भांडायचा, त्याचं मतदार यादीतलं नाव गेलं. मी विचारलं, "अरे, वाईट नाही वाटत?" तो म्हणाला, "कितें करतलो! पोर्तुगाल म्हणजे आपली फेरीबोट. फेरीबोटीत बसलो म्हणून मी फेरीबोटीचा झालो काय? पलीकडे लागली की उतरायचं."

पलीकडे म्हणजे इंग्लंड. २०१५ च्या फेब्रुवारीत तो उतरला.

स्विंडन हे लंडनपासून रेल्वेने तासाभरावरचं गाव. रेल्वे-अभियंता ब्रुनेलच्या काळात तिथे रेल्वेचा कारखाना आला आणि गाव फुगलं. आता कारखान्याची जागा गोदामांनी घेतली आहे, आणि त्या गोदामांत रात्रपाळीला खोके भरणारे हात बरेचसे सासष्टी-बारदेशचे. लिस्बनकराला तिसऱ्या दिवशी काम मिळालं. एजन्सीने पदवी विचारली नाही, पासपोर्टचा रंग पाहिला. तीन खोल्यांच्या घरात आठ जण. रात्रपाळीवाला सकाळी यायचा तेव्हा दिवसपाळीवाल्याचं अंथरूण अजून कोमट असायचं. "हीटरचा खर्च वाचतो," असं तो मला फोनवर अभिमानाने सांगायचा.

त्या गावात 'मॅजिक राउंडअबाउट' नावाचं एक प्रकरण आहे. १९७२ सालचं. एका मोठ्या चौकाभोवती पाच छोटे चौक, आणि मधल्या वर्तुळात गाड्या उलट्या दिशेने फिरतात. लिस्बनकर पहिल्यांदा गाडी घेऊन त्यात शिरला तो थेट सत्यनारायणाच्या प्रदक्षिणेच्या तयारीनेच. बाहेर पडला तेव्हा ज्या रस्त्याने आत गेला होता त्याच रस्त्यावर होता. "देवळातही असंच होतं," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून बसने जाऊ लागला.

गोदामातला सुपरवायझर निघाला खराखुरा पोर्तुगीज. यादीत देशबंधूचं नाव बघून तो हरखला आणि घडाघडा पोर्तुगीज बोलू लागला. लिस्बनकराला त्या भाषेतला एकच शब्द येत होता, 'ओब्रिगादो', म्हणजे आभारी आहे. तो त्याने चार ठिकाणी ठेवून दिला. शेवटी सुपरवायझर इंग्रजीवर आला.

"पोर्तुगालमध्ये तू कुठला?"

"पेर्नेंचा."

कागदोपत्री पेडण्याचं नाव तेच आहे, आणि ऐकायला पोर्तुगालचंच वाटतं. सुपरवायझरने कपाळाला आठ्या घातल्या. "पेर्नें... उत्तरेला येतं का?"

"हो, हो. अगदी उत्तरेला."

हे काही खोटं नव्हे. पेडणे गोव्याच्या अगदी उत्तरेलाच आहे. पुढचे आठ महिने सुपरवायझर त्याला 'आमचा उत्तरेकडचा' म्हणत होता आणि थंडी याला कशी सोसते याचं त्याला कौतुक वाटत होतं.

पण लिस्बनकर खरा कळतो तो चवथीला. चवथीला गोव्यात गणपतीच्या डोक्यावर माटोळी बांधतात. लाकडी चौकटीला आंब्याचे टाळे, नारळ, सुपारीचा कातरो, चिबूड, तोरिंग, कांगलां, रानातून शोधून आणलेली फळं आणि वेली. माटोळीशिवाय चवथ म्हणजे छपराशिवाय घर. त्याने मूर्ती हातातल्या बॅगेतून नेली होती, पण माटोळी काही बॅगेतून जात नाही. शिवाय भाड्याच्या घरात छताला खिळा ठोकायला बंदी. मग दोन कपाटांवर कपडे वाळत घालायचं स्टँड उलटं टाकलं आणि त्याला सुपरमार्केटमधलं जे जे लटकेल ते ते लटकवलं. सफरचंदं, मक्याची कणसं, काकडीचं सोंग घेतलेली कुर्जेट, लिंबांची माळ आणि एक भोपळा. भोपळ्याने रात्री स्टँडसकट खाली उडी घेतली, तेव्हा घरातल्या चौघा ख्रिस्ती पोरांनी झोपेतून उठून माटोळी परत बांधली. त्यांपैकी कुडचड्याच्या एकाची गाठ सगळ्यांत पक्की बसली. बापाची होडी होती म्हणे.

आरती सुरू झाली, धूप चढला आणि छतावरचा धुराचा भोंगा किंचाळू लागला. घालीन लोटांगणला साथ भोंग्याची. आवाज ऐकून शेजारची म्हातारी इंग्रज बाई धावत आली. आग नाही म्हटल्यावर तिने माटोळीकडे बराच वेळ पाहिलं आणि फळांचा सण समजून घरून एक अननस आणून दिला. तोही टांगला. दुसऱ्या वर्षी तिनेच ऑगस्टमध्ये विचारलं, "यंदा फळं कधी?"

मधल्या काळात जून २०१६ येऊन गेला. युरोपीय संघातून बाहेर पडायचं की राहायचं यावर ब्रिटनने २३ तारखेला मत घेतलं. आता इथे कायद्याची मजा पाहा. त्या मतदानात ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलातल्या नागरिकांना मत होतं, म्हणजे भारतीय पासपोर्टवाल्यांनाही. पोर्तुगीज नागरिकाला नव्हतं. त्याच गल्लीत राहणारा नागपूरकडचा एक विद्यार्थी ऐटीत जाऊन मत देऊन आला. कोणाला दिलं ते सांगेना. इंग्लंडला यायचं म्हणून ज्याने भारतीय पासपोर्ट परत केला होता, तो लिस्बनकर दारात उभा राहून त्याच्याकडे बघत होता. त्यानंतर आठवडाभर नागपूरकराला या घरी चहा मिळाला नाही.

निकाल लागला, ब्रिटन बाहेर. स्विंडननेही बाहेर पडण्याच्याच बाजूने कौल दिला. सकाळी शेजारची बाई कुंपणाशी भेटली. तिने लिस्बनकराचा हात धरला आणि मायेने म्हणाली, "मी बाहेर पडायलाच मत दिलंय. पण तू मनाला लावून घेऊ नकोस हो. ते तुझ्याविरुद्ध नाही. हे युरोपियन लोक इतके येतात ना, त्यांच्याविरुद्ध आहे."

त्या अख्ख्या गल्लीत कागदोपत्री युरोपियन असलेली माणसं याच घरात राहत होती. लिस्बनकर म्हणाला, "ओब्रिगादो."

पुढे राहण्याच्या हक्कासाठी अर्ज आला. पाच वर्षं पुरी झाली असतील तर 'सेटल्ड', नसतील तर 'प्री-सेटल्ड'. २०१९ मध्ये अर्ज केला तेव्हा याची भरली होती चारच. इकडे आईने मुली बघायला सुरुवात केलेली. मुलीच्या मामाने पहिलाच प्रश्न विचारला, "मुलगा सेटल्ड आहे ना?" आमच्या प्रामाणिक लिस्बनकराने व्हिडिओ कॉलवरून सरकारी भाषेत उत्तर दिलं, "प्री-सेटल्ड आहे." मामांनी चहाचा कप खाली ठेवला. घर आहे, नोकरी आहे, तरी मुलगा स्वतःच अजून सेटल्ड नाही म्हणतो, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे. ते स्थळ मोडलं. दुसऱ्या वर्षी 'सेटल्ड'चं पत्र आलं ते आईने पेडण्याला फ्रेममध्ये लावलं, आणि पुढचं स्थळ जमलं ते त्या फ्रेमखाली.

आता वाड्यावरची बारकी पोरं त्याला फोन करतात. २०२१ पासून पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये सरळ जाऊन काम करता येत नाही. फेरीबोट आहे, पण पलीकडचा धक्का बंद. मग आयर्लंड बरं की हॉलंड, जर्मनीत भाषा लागते का, अशी चर्चा रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चालते. त्या देशांपैकी एकही न पाहिलेला लिस्बनकर सगळ्यांना सल्ला देतो. पोर्तुगालमध्येच का राहत नाही, असं मी एकदा विचारलं. तो दचकला. "तिथे? तिथले लोक स्वतःच इथे खोके भरायला येतात!"

तरीही २०२२ मध्ये तो एकदाचा लिस्बनला गेला, बायकोला घेऊन, चार दिवस. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने पोर्तुगीजमध्ये काहीतरी विचारलं, याने आभार मानले. चढावाच्या गल्ल्या, घरांना लावलेल्या निळ्या फरशा, खिडकीतून कपडे वाळत घालणाऱ्या बायका. "सगळं पणजीच्या फोंतेन्यसारखंच," तो म्हणाला, "फक्त पार्किंग जास्त." वास्को द गामाची कबर पाहिली, फोटो काढला नाही. बाबांचा फोन आला. ते म्हणाले, "तिथे जवळच एक किल्ला आहे. मोहन रानड्यांना ठेवलं होतं तो. जाऊन ये."

किनाऱ्याने धावणाऱ्या लोकलवर त्या किल्ल्याच्या गावाचं स्टेशन आहे. दोघं उतरली. किल्ल्यात अजूनही तुरुंगच आहे, आत कोण घेणार? त्याने स्टेशनच्या पाटीचा फोटो काढला आणि घरी पाठवला. बाबांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. काक्सियास.

"काक्सियास नव्हे, बाबा. 'कशियश' म्हणतात. त्या एक्सचा उच्चार श. तुमच्या नावात घातलाय ना, तोच."

बाबा बराच वेळ फोटो मोठा करून बघत राहिले. मग म्हणाले, "परतीचं तिकीट काढलंयस ना?"