ऑलिव्ह हे जेवण नव्हे

माद्रिदमध्ये दुपारी चार ते रात्री साडेआठ या वेळात माणसाला भूक लागू नये, अशी तिथल्या हॉटेलवाल्यांची अपेक्षा आहे. दारे उघडी असतात, खुर्च्या मांडलेल्या असतात, आत वेटरही असतो; फक्त स्वयंपाकघर बंद असते. जेवण मागितले तर वेटर रागावत नाही. सातला जेवायला आलेल्या बाईकडे तो इतक्या काळजीने पाहतो, की आपल्याला बरे नाही असे आपल्यालाच वाटू लागते. मग तो ऑलिव्हची वाटी आणून ठेवतो. ऑलिव्ह हे जेवण नव्हे, हे मी पहिल्याच संध्याकाळी स्पष्ट केले होते, पण मराठीत.

माझा भाचा तिथे नोकरीला आहे. त्याला त्या गावाचे पाणी लागले आहे. “मावशी, आत्ता कुठे सात वाजलेत. एवढ्या दुपारी काय जेवतेस?” तो म्हणाला. बाहेर पाहिले तर खरोखरच दुपार होती. जूनच्या अखेरीस माद्रिदला सूर्य पावणेदहाच्या सुमारास मावळतो. आता दिवेलागणीला दिवा लावून जेवायला बसायची सवय असलेल्या माणसाने या सूर्याचे काय करायचे? मी नागपूरची आहे, उन्हाचे मला कौतुक नाही आणि भीतीही नाही. पण ऊन रात्री नऊला गॅलरीत येऊन बसू लागले तर त्याला शिस्त लावणारे कोणीतरी हवे.

शिस्त बिघडली ती घड्याळामुळे, असे चौकशीअंती कळले. माद्रिद ग्रिनिचच्या पश्चिमेला आहे; शेजारचा पोर्तुगाल लंडनच्या वेळेने चालतो; माद्रिद मात्र बर्लिनच्या. १९४० च्या मार्चमध्ये फ्रँको सरकारने घड्याळे एक तास पुढे केली. महायुद्ध संपले, फ्रँको १९७५ मध्ये गेला, राजा परत आला, लोकशाही आली. तो एक तास तेवढा परत आला नाही. उन्हाळ्यात सगळ्या युरोपासारखा त्यात आणखी एक तास घालतात. म्हणजे त्यांच्या घड्याळात दोन वाजून गेले की सूर्य डोक्यावर येतो. “सूर्याच्या हिशेबानं ते वेळेवरच जेवतात,” असे भाच्याने पटवून दिले. पटले. पटल्यावर भूक कमी होत नाही.

दुपारचे जेवण मात्र भरगच्च. ‘मेनू देल दिया’ नावाची ठरावीक दराची थाळी मिळते: एक पदार्थ आधी, एक नंतर, ब्रेड, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी. या पेयात वाइन येते. मी घेत नाही, असे सांगितले. बरे, म्हणाले. बिलातून काही कमी झाले नाही. न प्यायलेल्या वाइनचे पैसे देऊन मी दुपारी साडेतीनला शुद्धीवर बाहेर पडले, तेव्हा रस्त्यात बाकी कोणी नव्हते.

मी शाकाहारी आहे. अंडे खाते, हे माद्रिदचे नशीब. भाज्यांचे सँडविच म्हणून जे मागवले त्यात लेट्यूस, टोमॅटो, अंडे आणि ट्यूना मासा निघाला. मसुराच्या आमटीच्या तळाशी चोरिसो सॉसेजच्या चकत्या. फरसबीच्या भाजीत हॅमचे तुकडे. हॅमबद्दल विचारले तर उत्तर येते, थोडेसेच आहे. हॅम तिथे मांसात धरत नाहीत, मिठात धरतात. बारमध्ये डुकराच्या तंगड्या छताला ओळीने टांगलेल्या असतात आणि गळणारी चरबी झेलायला प्रत्येकीखाली प्लास्टिकची इवलीशी वाटी खोचलेली असते. स्वच्छतेची ही काळजी वाखाणण्यासारखी आहे. त्या वाट्यांखाली बसून मी बटाट्याचे ऑम्लेट खाल्ले. त्यात कांदा असावा की नसावा यावर तिथे दोन तट आहेत आणि दोन्हीकडची माणसे शिकलेली आहेत. वाद घालायला एवढी सवड कुठून मिळते, हा प्रश्न मला पडला नाही. जेवण दहाला असले की संध्याकाळ मोठी असते.

गावाचा खास म्हणावा असा खाऊ कोणता, तर पावात भरलेले तळलेले स्क्विड. समुद्र तीनशे किलोमीटरवर. आमच्या नागपूरने सुरमईवर नाव काढावे, तसेच हे. प्लाझा मायोर या जुन्या चौकाच्या आसपास लोक हे पाव उभ्याउभ्या खातात.

तिखटाची हौस भागेल म्हणून भाच्याने पाद्रोनच्या मिरच्या मागवल्या. गॅलिसियातल्या या हिरव्या, बुटक्या मिरच्या. तेलात परततात, वर जाडे मीठ. त्यातली एखादीच तिखट असते आणि ती कोणती हे खाईपर्यंत कळत नाही, यात त्यांचे सारे कवतिक. शेजारच्या टेबलावरची मंडळी एकेक मिरची श्वास रोखून तोंडात टाकत होती, मग एकमेकांकडे पाहून सुटकेने हसत होती. मी आख्खी ताटली संपवली. तिखट एकही निघाली नाही. निघाली असेलही, मला समजली नसेल.

बारमधल्या कागदी रुमालांबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. टेबलावरच्या डब्यातून हे रुमाल निघतात. छोटे, पातळ, मेणचट. तेलकट बोटे पुसायला घ्यावा तर तेल या बोटावरून त्या बोटावर जाते, कागदात जात नाही. दुसरा घ्यावा, तिसरा घ्यावा. बोटे आहेत तशीच राहतात. जुन्या वळणाच्या बारमध्ये वापरलेला रुमाल खाली जमिनीवर टाकतात. गर्दीच्या वेळी काउंटरखाली त्यांचा थर साचतो, आणि जितका थर जास्त तितका बार चांगला, असे मला सांगण्यात आले. प्रत्येक रुमालावर निळ्या किंवा लाल अक्षरांत, भेटीबद्दल आभार, असे छापलेले असते. आभार मानण्यापलीकडे तो रुमाल काहीही करत नाही.

स्थळदर्शनाचे म्हणाल तर प्रादो संग्रहालयात फोटो काढायला बंदी आहे. त्यामुळे चित्रे पाहावी लागतात. वेलास्केसचे १६५६ मधले ‘लास मेनिनास’ मी बराच वेळ पाहिले. चित्रात राजकन्या आहे, दासी आहेत, कुत्रा आहे. स्वतः चित्रकार भल्यामोठ्या कॅनव्हासपाशी ब्रश घेऊन ऐटीत उभा आहे. आणि ज्यांच्या पगारावर हे सगळे चालले ते राजाराणी मागच्या भिंतीवरच्या लहानशा आरशात धूसर दिसतात. कामावर ठेवलेल्या माणसाने मालकाची अशी सोय लावलेली मी आधी पाहिली नव्हती. रेइना सोफिया संग्रहालयात उलटा प्रकार. पिकासोच्या ‘गेर्निका’चे फोटो काढायला २०२३ च्या सप्टेंबरपासून परवानगी आहे. १९३७ च्या बॉम्बहल्ल्याकडे पाठ करून, मरणाऱ्या घोड्याच्या खाली, लोक आता हसत उभे राहतात. ही एक तक्रार मात्र मी गंभीरपणे करते आहे.

राजवाड्यात तीन हजारांहून जास्त खोल्या आहेत आणि राजा तिथे राहत नाही. पुएर्ता देल सोल चौकात फूटपाथवर शून्य किलोमीटरची फरशी आहे. स्पेनचे मोठे रस्ते तिथून मोजतात. तिच्यावर पाऊल ठेवून फोटो काढायला रांग असते. नागपुरात झीरो माइलचा दगड आहे, तिथे मी कधी रांग पाहिलेली नाही. पण ती तक्रार माद्रिदकडे करून उपयोग नाही.

जगातले सर्वांत जुने रेस्टॉरंट म्हणून गिनेसने नोंदवलेले बोतीन इथेच आहे, १७२५ सालचे. भाजलेले डुकराचे पिल्लू ही त्याची ख्याती. हेमिंग्वेने आपल्या एका कादंबरीच्या शेवटाकडे पात्रांना तिथे जेवायला बसवले. त्यावर जवळच्याच एका हॉटेलाने, हेमिंग्वे इथे कधीही जेवला नाही, अशी पाटी लावली. मीही बोतीनमध्ये जेवले नाही. माझ्या नावाची पाटी कोणी लावलेली नाही.

मग रात्र. “किती वाजता निघायचं?” मी विचारले. “घाई नाही, एक-दीडला,” भाचा म्हणाला. डिस्कोथेक दोननंतर भरतात. मेट्रो रात्री उशिरा बंद होते ती सकाळीच सुरू होते. मधल्या वेळात माणसाने टॅक्सी करावी, सिबेलेस चौकातून सुटणारी रात्रीची बस धरावी, नाहीतर सकाळपर्यंत नाचावे. बहुतेक लोक नाचतात. त्यांचे मी समजू शकते, ते तरुण आहेत. पण साडेबाराला चौकात लहान मुले फुटबॉल खेळत होती आणि कोणीही त्यांना घरात ओढत नव्हते. सत्तरीच्या बायका केस सेट करून, लिपस्टिक लावून, बिअरचा छोटा ग्लास पुढ्यात घेऊन तावातावाने बोलत होत्या. माझी मान पेंगून खाली जायला लागली, तेव्हा त्यांच्यापैकी एकीने स्वतःचा हातपंखा माझ्यापुढे सरकवला. माझ्याच वयाची असावी. याबद्दल मला जे वाटले ते मी इथे लिहिणार नाही.

पहाटे पाचला एका गल्लीत चुरोस खाल्ले. कपातले चॉकलेट इतके दाट, की ओतायचे म्हटले तर विचार करून पडते. आजूबाजूला काही जण रात्र संपवत होते, काही दिवस सुरू करत होते. सगळ्यांपुढे तोच कप. मी तो नाश्ता धरला, भाच्याने रात्रीचे जेवण धरले. पैसे मी दिले.

घड्याळाचे मात्र कोणाच्या लक्षातच आले नाही, असे नाही. २०१३ मध्ये स्पेनच्या संसदेच्या एका उपसमितीने ते एक तास मागे घ्यावे अशी शिफारस केली होती. शिफारस अजून तशीच आहे. तेव्हा जाणार असाल तर दुपारी तीनला पोटभर जेवा, संध्याकाळी झोपा, आणि जाताना घरचा सुती रुमाल न्या.