ॲट द रेट गृहस्थ

प्रत्येक सोसायटीत असा एक गृहस्थ असतोच, की ज्याचा ईमेल फोनवर उतरवून घेताना समोरचा माणूस घायकुतीला येतो. आधी नाव, मग वडिलांच्या नावाचं आद्याक्षर, मग ‘ॲट द रेट’, मग इंटरनेट देणाऱ्या कंपनीचं नाव आणि शेवटी ठासून ‘डॉट नेट डॉट इन, डॉट कॉम नाही हं, कॉम लिहिलंत तर जाणार नाही.’ घरात भाच्याने दोन वर्षांपूर्वी फायबर आणलेलं असतं, सगळं घर त्यावरच सिनेमे बघत असतं. पण कोपऱ्यात त्या जुन्या कंपनीचा मोडेम एकच हिरवा दिवा लावून बसलेला असतो आणि त्याचं बिल दरमहा न चुकता भरलं जातं. का, तर कनेक्शन तोडलं की पत्ता जाईल. सोसायटीच्या मते हे गृहस्थ कंजूष नाहीत, वेडे आहेत. माझं मत उलट आहे. पत्ता म्हणजे काय हे त्या इमारतीत त्यांना एकट्यालाच कळलं आहे. फक्त तो कुणाच्या मालकीचा, याचा हिशेब त्यांनी चुकीच्या खात्यावर मांडला आहे.

या जमातीचं मूळ १९९५ सालात आहे. त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि मध्यमवर्गाला पहिल्यांदा ‘व्हीएसएनएल डॉट नेट डॉट इन’ अशी शेपटी मिळाली. मुंबईकरांच्या शेपटीत ‘बॉम’ असायचं, पुणेकरांच्या ‘पीएन’. त्याच वर्षी बॉम्बेची अधिकृतपणे मुंबई झाली, पण पत्त्यातलं ‘बॉम’ पुढे कितीतरी वर्षं तसंच राहिलं. नामांतराचं आंदोलन सर्व्हरपर्यंत पोचलं नसावं. तेव्हा कनेक्शन घेतलं की ईमेल आपोआप यायचा. फुकटच्या हॉटमेलवाल्याकडे तेव्हा जरा संशयानेच पाहिलं जाई. व्हिजिटिंग कार्डावर कंपनीचा पत्ता छापणारा माणूस पैसे भरून इंटरनेट वापरतो, हे कार्डच सांगे. आमच्या गृहस्थांनी कार्डं छापली, लेटरहेड छापलं, मुलीच्या लग्नपत्रिकेवरही तो पत्ता घातला. सगळ्या मेल आउटलुक एक्स्प्रेसमध्ये उतरवून ‘बँक’, ‘अमेरिका’, ‘मंडळ’ अशा फोल्डरांत लावल्या आणि पासवर्ड एलआयसीच्या डायरीत जानेवारीच्या पानावर लिहिला.

त्यांच्याविरुद्धचा पहिला आक्षेप भाचाच घेतो: मोबाइल नंबर कंपनी बदलून नेता येतो, मग ईमेलचं एवढं काय? नंबर नेण्याची सोय देशभर लागू झाली २० जानेवारी २०११ला, हे खरंच. पण ती होऊ शकली, कारण नंबर मुळात कंपनीचा नसतोच. सरकार नंबरांची मालिका वाटतं आणि तो कुठेही न्यायची मुभाही सरकारच देतं. ईमेलचं तसं नाही. ‘ॲट’च्या उजवीकडचं नाव कंपनीने स्वतःच्या नावावर नोंदवलेलं असतं. मेल निघाली की ती आधी त्या उजव्या बाजूची चौकशी करते: या नावाची टपाल कुठल्या यंत्रावर टाकायची? उत्तर कंपनी देते. डावीकडे तुमचं नाव असलं तरी ते कंपनीच्या दारावर लावलेली पाटी आहे. तुम्ही भाडं थांबवलंत की ती पाटी उतरवायचा अधिकार त्यांचा, आणि त्याबद्दल तक्रार करायला खिडकी नाही.

दुसरा आक्षेप जास्त शहाणा वाटतो: सगळ्यांना एक मेल टाका, ‘माझा नवीन पत्ता हा’, की संपलं. माणसांपुरतं संपतं. पण पंधरा-वीस वर्षांत त्या पत्त्यावर माणसांपेक्षा संस्थाच जास्त लिहू लागल्या आहेत. म्युच्युअल फंडांचे फोलिओ, डीमॅट, दोन बँका, आयुर्विमा, प्रॉव्हिडंट फंड, आयकराचं पोर्टल, गॅस, वीज, रेल्वेचं तिकीट. यांतला कुणीही ‘कळावे, लोभ असावा’ वाचून पत्ता बदलत नाही. कुणाला सहीचा फॉर्म हवा, कुणाला पॅनची स्वसाक्षांकित प्रत. आणि बदल करायचा तर ओटीपी आधी जुन्याच पत्त्यावर पाठवणारे महाभागही आहेत. म्हणजे कनेक्शन आधी तोडून मग पत्ता बदलायला निघालेला माणूस कुलूप लावून किल्ली खिडकीतून आत टाकतो. आमचे गृहस्थ हे जाणतात. शिवाय सोडलेला पत्ता पुढे कुणाला मिळेल, याची धास्तीही निराधार नाही. २०१३मध्ये याहूने वर्षभर न वापरलेले पत्ते मोकळे करून नव्या लोकांना दिले, तेव्हा काहींच्या पेटीत जुन्या मालकाच्या मेल येऊन पडल्या होत्या.

‘मग जीमेल घ्या की!’ हा तिसरा आक्षेप, आणि तो घेणाऱ्याच्या चेहऱ्यावर घरमालकाचं तेज असतं. तेवढं तेज बाळगायचं कारण नाही. १ एप्रिल २००४ला गूगलने एक जीबीची पेटी फुकट जाहीर केली, तेव्हा कित्येकांना तो एप्रिल फूल वाटला होता. पण जागा मोठी मिळाली म्हणून ती नावावर होत नाही. दोन वर्षं न वापरलेली खाती पुसण्याचा नियम त्याच गूगलने २०२३मध्ये केला. एक फरक मात्र मोठा आहे, तो मान्य करायला हवा: जीमेलचा पत्ता इंटरनेटच्या तारेला बांधलेला नसतो, त्यामुळे फायबर बदललं तरी तो जागेवर राहतो. स्वतःचं डोमेन, म्हणजे ‘ॲट’च्या उजवीकडचं नावच, घेतलं तर त्याहून बरं. पेटी कुणाचीही वापरा, पत्ता तोच राहतो. तेही दरसाल पैसे भरूनच चालू ठेवावं लागतं, आणि विसरलात तर दुसरा घेऊन जातो. पण निदान ‘ॲट’च्या उजवीकडे तुमचा शब्द चालतो.

तेव्हा गृहस्थांचं चुकतं कुठे? जुनं कनेक्शन वर्षभर चालू ठेवण्यात मुळीच नाही. ते वर्ष ज्या कामासाठी हवं, ते काम सुरूच न करण्यात त्यांचं चुकतं. एका वहीत संस्थांची यादी करायची, दर शनिवारी दोन-तीन पत्ते बदलायचे, जुन्या पेटीत काय अजून येतंय ते पाहून यादीत भर घालायची आणि पेटी महिनाभर कोरडी राहिली की फोन करून कनेक्शन बंद करायचं. चिकाटीचं काम आहे आणि चिकाटी तर यांच्याकडे सोसायटीत सगळ्यांहून जास्त. पाणीपट्टीच्या पावत्या १९८८पासून लावलेल्या आहेत. पण वही आणली जाते, पहिल्या पानावर ‘ईमेल बदल’ असं सुवाच्य लिहिलं जातं, खाली लाल रेघ ओढली जाते आणि तेवढ्यात फायबरवाल्या कंपनीचा मुलगा फॉर्म घेऊन येतो. भाच्याच्या नावावरचं कनेक्शन आता गृहस्थांच्या नावावर करायचं असतं. ‘काका, बिल कुठल्या मेलवर पाठवू?’ तो विचारतो. काका चष्मा नीट करून सावकाश सांगू लागतात, आणि ‘डॉट नेट डॉट इन, कॉम नाही हं’पर्यंत येतात.