घ्यायचं नसताना बैल कसा बघावा

कार्तिकी एकादशीच्या सुमारास पंढरपूरजवळ वाखरीच्या पालखीतळावर जनावरांचा बाजार भरतो. आषाढीची शासकीय महापूजा मुख्यमंत्र्यांकडे, कार्तिकीची उपमुख्यमंत्र्यांकडे आणि वाखरीचा बाजार आमच्या मामांकडे, अशी कामाची वाटणी आमच्या घराण्याला मान्य आहे. मामांकडे आज एकही जनावर नाही. जिथे दावण होती तिथे ट्रॅक्टर उभा असतो. तरी बाजार चुकत नाही, आणि बाजारातून मामा रिकाम्या हाताने परत आले नाहीत असंही कधी होत नाही. ही विद्या त्यांच्याबरोबर लोप पावू नये म्हणून, ज्यांना काहीही घ्यायचं नाही अशा होतकरूंसाठी पुढील कलमं.

कलम 1. पोशाख. खांद्यावर रुमाल किंवा उपरणं हवंच. गॉगल नको. गॉगलवाल्याला भाव दुप्पट सांगतात, आणि तो बैलाचा फोटो काढून निघून जातो.

कलम 2. जवळ जाणं. खिलार हे चपळ आणि तापट जनावर. समोर शिंगं, मागे लाथ. म्हणून खांद्याच्या बाजूने, त्याला आपण दिसू अशा बेताने, तोंडाने काहीतरी बोलत जावं. मामा "काय पाटील, बरं आहे ना?" असं विचारत जातात. बैलाला. मामींशी इतक्या अदबीने ते बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

कलम 3. दात. परीक्षेतला हा सर्वांत अवघड पेपर. नवखा माणूस बैलाचा ओठ उचलतो आणि "अरेरे, वरचे दात पडलेत" म्हणून हळहळतो. गाई-बैलांना वर पुढचे दात नसतातच. जे काय आहेत ते खालचे आठ. दुधाचे दात शाबूत असले की जनावर आदत. साधारण दोन-अडीच वर्षांचं झालं की मधले दोन दुधाचे पडून पक्के येतात, तो दुसा. मग चौसा, मग सहादाती, आणि आठही पक्के भरले की जुळला. जुळल्यानंतर वय झिजेवरून ओळखायचं, आणि तिथे विकणारा व बघणारा यांच्या हिशेबात दोन-तीन वर्षांचं अंतर पडतं. शिंगांवर विसंबू नये. ती साळून, तेल लावून गुळगुळीत केलेली असतात. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये मोकळी जागा असते, अंगठा तिथेच घालावा. पुढचा-मागचा झाल्यास अंगठ्याची जबाबदारी लेखकावर नाही.

दात बघून झाले की काही बोलू नये. फक्त "हं" म्हणावं. मामांचा "हं" ऐकून मालक तीन पिढ्यांचा इतिहास सांगू लागतो. मामांचे स्वतःचे दात तपासले तर एकही पक्का सापडायचा नाही, म्हणजे नियमाने ते आदतच. पण बाजारात ती तपासणी होत नाही.

कलम 4. चाल. उभा बैल कुणालाही चांगला दिसतो. चालवून दाखवायला सांगावं, मागचं पाऊल पुढच्याच्या जवळपास पडतं का ते बघावं, खूर बघावेत. इथे हल्ली गर्दीचा त्रास होतो. 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये राज्याचा कायदा वैध ठरवला. आता पळणाऱ्या खोंडाभोवती कोंडाळं, त्याचे व्हिडिओ, त्याच्या नावाचे बनियन. शेजारी नांगराची देखणी जोडी दिवसभर रवंथ करत उभी असते, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. अहो, चार मिनिटंसुद्धा न चालणाऱ्या शर्यतीसाठी एवढा पैसा, आणि वीस एकर ओढणाऱ्याला कडबा महाग? हे वाक्य मामांचं आहे. दरवर्षी म्हणतात, दरवर्षी मोठ्याने म्हणतात, आणि मग त्या कोंडाळ्यात घुसून खोंडाचे दात बघून येतात.

कलम 5. हेडी. जनावरांचा व्यापारी तो हेडी. हा सौदा तोंडाने करत नाही. रुमालाखाली तुमचा हात धरतो आणि बोटं दाबतो. किती बोटं दाबली त्यावरून आकडा कळतो. दाबलेलं बोट हजाराचं की दहा हजारांचं, हे जनावर बघून दोघांना ठाऊक असतं, भोवतालच्या शंभर जणांना नाही. ज्याला घ्यायचं नाही त्याने रुमालाखाली हात गेल्यावर बोट हलू देऊ नये. एक उचकी लागली तर जोडी दारात येईल आणि इसार मागितला जाईल. मामांचा उपाय रामबाण आहे: दोन्ही हात तंबाखू मळण्यात गुंतलेले ठेवावेत. मामींना वाटतं हे व्यसन आहे. ते आर्थिक धोरण आहे.

कलम 6. म्हशी. पंढरपुरी म्हशीची शिंगं तलवारीसारखी मागे, खांद्याच्याही पलीकडे जातात. ती मान वळवते तेव्हा शिंगांचा घेर तिच्या लक्षात नसतो. आपल्या असावा.

कलम 7. आहार. बाजार ऐन एकादशीच्या तोंडावर, म्हणजे खाण्यावर मर्यादा, असा गैरसमज आहे. साबुदाण्याची खिचडी, भगर, शेंगदाण्याची आमटी, उकडलेलं रताळं, राजगिऱ्याचा लाडू, केळी आणि वर उसाचा रस, एवढ्यावर भागवावं लागतं. शेजारी भज्यांचा घाणा चालू असतो. त्याच्या वाऱ्याच्या बाजूला उभं राहिल्याने उपास मोडत नाही, असा मामांचा धर्मनिर्णय आहे.

द्वादशीला उपास सुटला की मात्र वाट वाकडी करून त्याच तालुक्यातलं करकंब गाठावं आणि बाजार आमटी खावी. डाळी एकत्र शिजवून, काळ्या मसाल्याचा हात सैल सोडून केलेली ही आमटी आठवडी बाजाराला येणाऱ्यांच्या पोटासाठी जन्माला आली. ज्वारीची भाकरी काल्यासारखी चुरून, वर आमटी ओतून, डोळ्यांतलं पाणी पुसत जेवायचं. चमचा मागू नये.

कलम 8. हुरडा मागू नये. कार्तिकात रब्बीची ज्वारी अजून गुडघ्याएवढी असते, आणि आपण कुठून आलात हे सगळ्या तळाला कळतं.

कलम 9. भाव. ज्याला घ्यायचं नाही त्याने भाव विचारणं हा मालकाचा वेळ खाणं आहे, असं मला शहाणपणाने वाटत असे. मामांना तसं एकदा बोलून दाखवलं. ते म्हणाले, "गड्यानं वर्षभर पेंड घातली, दूध पाजलं, शिंगं साळली, गावाला सांगून आलाय. तीन दिवसांत कुणी विचारलंच नाही तर गावात काय तोंड दाखवंल?" म्हणून विचारावं. कितीला? कुठलं गाव? घरच्या गाईचा का? खुराक काय? आकडा ऐकून भुवया चढवाव्यात, मग "तसा वाजवी आहे" म्हणून पाठीवर थाप मारावी, आधी बैलाच्या, मग मालकाच्या. 2022 साली लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद राहिले, तेव्हा मामा घरी बसून इतके चिडचिडे झाले होते की मामींनी स्वतःहून तंबाखूची पुडी आणून दिली.

कलम 10. बाजारात अवजारांचे आणि ट्रॅक्टरचेही मंडप असतात. तिथे चहा फुकट मिळतो, तो प्यावा. भाव विचारू नये. तिथला पोरगा भाव सांगत नाही, कर्जाचा फॉर्म काढतो.