तो काही करत नाही

“घाबरू नका, तो काही करत नाही.” अंबडच्या कुठल्याही कॉलनीत संध्याकाळी हे अभयवचन मिळतं. देणाऱ्याच्या हातात पट्टा असतो. पट्ट्यात कुत्रा असतोच असं नाही. मग चावा बसला की दुसरं वाक्य तयार: “तुम्ही पळालात ना, म्हणून!” म्हणजे गुन्हा पोटरीचा.

फाटकावर ‘कुत्र्यापासून सावध राहा’ अशी पाटी ठोकली की आपण सुटलो, असाही एक समज. उलट, धोका मालकाला ठाऊक होता, याचा तो स्वतःच टांगलेला पुरावा! भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ कुत्र्याचा स्वभाव विचारत नाही, मालकाने काळजी काय घेतली ते विचारतं. निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये दंड हजारापर्यंतच होता. त्याहून महाग पट्टे मिळतात.

मुंबईत २०१० साली एक रॉटवायलर चावला. मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली २०२३ मध्ये. या जातीचं आयुष्य साधारण दहा वर्षांचं, खटला तेरा वर्षांचा. वेळेवर पडतात त्या तारखा रेबीजच्या लशीच्या : दिवस ०, ३, ७, १४, २८.