चार्जर उपटण्याचे शास्त्र

रात्री झोपण्यापूर्वी घरातला प्रत्येक रिकामा चार्जर बोर्डातून उपटणे हे आमच्या मोहन नगरातल्या सुजाण कुटुंबप्रमुखाचे आद्य कर्तव्य होय. फेरी पुढच्या खोलीपासून सुरू करावी. कपाटामागचा बोर्ड विसरू नये, चार्जर तिथेच दडून बसतात. पिन काढताना चिरंजीवांकडे एक कटाक्ष टाकून 'वीज काय फुकट येते?' असे विचारावे. त्यावाचून विधी पुरा होत नाही. आपल्या छत्तीसगडात 2019 साली 400 युनिटपर्यंतचे वीजबिल निम्मे झाले तेव्हा या प्रश्नाची धार थोडी बोथटली, पण आवाज चढवला की निभावून जाते. फेरी आटोपली की वहीत बचतीचा हिशेब मांडावा. साधकाची श्रद्धा डळमळते ती इथे. आजचा धड बनावटीचा मोबाइल चार्जर, फोन जोडलेला नसताना, फार तर 0.1 वॉट खातो. वर्षभर चोवीस तास बोर्डात राहिला तरी त्याचे 0.876 युनिट होतात. घरात असे चार चार्जर आणि युनिट पाच रुपयांचे धरले, तर वर्षाच्या तपश्चर्येचे फळ साडेसतरा रुपये. याउलट 75 वॉटचा जुना पंखा काढून 30 वॉटचा बीएलडीसी पंखा लावला आणि तो रात्रीचे दहा तास फिरला, तर चार्जरची ही वार्षिक बचत आठ रात्रींत भरून निघते.

यावर 'थेंबे थेंबे तळे साचे' असा आक्षेप येणारच, आणि तो खोटा नाही. म्हणून तळेच मोजू. समजा देशात शंभर कोटी चार्जर रिकामे लटकत आहेत. प्रत्येकी 0.1 वॉट म्हणजे 100 मेगावॉट. आता घड्याळ थोडे मागे न्या. अमेरिकेत 1 जुलै 2008 पासून लागू झालेल्या कायद्यात रिकाम्या अडॅप्टरची मर्यादा 0.5 वॉट होती. त्या दराने तेच शंभर कोटी चार्जर 500 मेगावॉट खातील. आपल्या भिलाईत एनएसपीसीएल या वीज कंपनीचे 250 मेगावॉटचे दोन संच उभे आहेत. ते दोन्ही अहोरात्र केवळ रिकाम्या चार्जरांसाठी कोळसा जाळत बसले असते. फरक 400 मेगावॉटचा, आणि तो काही कुटुंबप्रमुखांच्या फेऱ्यांनी पडत नाही. अमेरिकेने फेब्रुवारी 2016 मध्ये आणि युरोपीय संघाने एप्रिल 2020 मध्ये लहान अडॅप्टरसाठी 0.1 वॉटची मर्यादा घातली, तेव्हा कारखान्यांना आतले सर्किटच बदलावे लागले. त्या बाजारांत माल खपवायचा तर दुसरा इलाज नव्हता, आणि भारतासाठी मुद्दाम वाईट सर्किटची वेगळी रांग चालवणे मोठ्या उत्पादकाला परवडत नाही. तळे साचले खरे, पण थेंब नियमाने अडवले. श्रेय मात्र रोज रात्री बोर्डाशी वाकणारा माणूस घेतो आणि दोष चार्जर विसरणाऱ्या सुनेच्या पदरी पडतो.

मग आपल्याकडे नियम कोणते? ऊर्जा संवर्धन कायदा 2001 चा, ऊर्जा दक्षता ब्युरो 2002 चा. ब्युरोचे तारे फ्रिजवर, एसीवर असतात. छताच्या पंख्यांवर ते 1 जानेवारी 2023 पासून सक्तीचे झाले. चार्जरवर तारे शोधण्यात वेळ घालवू नये. तिथे मिळतो तो भारतीय मानक ब्युरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक. तो सुरक्षिततेचा, काटकसरीचा नव्हे. काटकसरीची खूण हवी असेल तर भिंग घ्यावे आणि चार्जरवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत रोमन सहाचा आकडा धुंडाळावा. तो त्या 2016 च्या मर्यादेचा शिक्का आहे. ठेल्यावरच्या बिननावाच्या चार्जरवर तो नसेल, किंवा असूनही खरा असेलच असे नाही. नियम उत्पादकालाच बांधतो, म्हणून उत्पादकाचा पत्ताच नसेल तिथे तो लंगडा पडतो. अशा वेळी हाताची परीक्षा उपयोगी येते. फोन न जोडता तासभर लावून ठेवलेला चार्जर कोमट लागला, तर तो खुशाल उपटावा. लोखंडी गाभ्याचे जुने जड अडॅप्टर याच जातीचे: दोन-दोन वॉट रात्रंदिवस, म्हणजे वर्षाला साडेसतरा युनिट. आषाढात विजा कडाडत असतील तर चांगला चार्जरही काढावा. पण ते उपकरण वाचवण्यासाठी, त्याची नोंद बचतीच्या वहीत करू नये.

वहीत नोंदण्याजोगा शत्रू टीव्हीखाली बसलेला आहे. सेट-टॉप बॉक्स रिमोटने 'बंद' केला तरी बहुतेकदा आठ-दहा वॉट ओढत राहतो, म्हणजे ऐंशी-शंभर रिकाम्या चार्जरांइतके. 'पुन्हा सुरू व्हायला वेळ लागतो' हा त्याच्या बाजूचा युक्तिवाद रास्त आहे, आणि म्हणूनच त्याच्या विजेची मर्यादाही कारखान्यातच घातली जायला हवी. तोवर त्याचे बटण बोर्डावरूनच बंद करावे. मात्र घरातली शेवटची मालिका संपल्याची खात्री केल्याशिवाय त्या बटणाला हात लावू नये.